घंटागाडी ठेकेदाराची, जबाबदारी कोणाची?

वस्तीत चार दिवस घंटागाडी आली नाही तर विचारायचे कोणाला? छोट्या शहरांत याचे उत्तर ठरलेले असते. कार्यालयात गेले की ऐकायला मिळते, "काम ठेक्याने दिलेय, ठेकेदाराला विचारा." ठेकेदाराचा माणूस म्हणतो, "आमचे बिल अडकलेय, वरती विचारा." या टोलवाटोलवीत कचरा जागेवरच राहतो आणि ताप मात्र आपल्या घरात येतो.

आरोग्याच्या पानावर ठेक्याचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. तापावर औषध डॉक्टर देतात. पण तो ताप जिथून येतो ती जागा दाराबाहेर आहे, आणि ती साफ ठेवण्याचे काम आता बहुतेक ठिकाणी निविदा काढून खासगी माणसाला दिले जाते. शिवाय ते काम प्रत्यक्ष करणारे हात पुष्कळदा आपल्याच घरातले असतात. म्हणून या अंकात आम्ही भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांतल्या वस्त्या डोळ्यांपुढे ठेवून हा विषय समजावून घेणार आहोत. (2024 मध्ये राज्य सरकारने वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय घेतला. लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे, म्हणून आम्हीही तेच वापरतो.)

आधी थोडा हिशेब

2011 च्या जनगणनेत भोर शहराची लोकसंख्या सुमारे साडेअठरा हजार होती. लहान शहरांत माणशी रोज 200 ते 300 ग्रॅम कचरा होतो, असे सरकारी मार्गदर्शिकेत धरलेले आहे. म्हणजे एवढ्या शहराचा रोजचा कचरा साधारण पावणेचार ते साडेपाच टन.

आता आपल्या वस्तीपुरते बघू. साठ घरांची वस्ती, घरात पाच माणसे धरली तर रोज 60 ते 90 किलो कचरा निघतो. गाडी चार दिवस आली नाही तर 240 ते 360 किलो. त्यातला निम्म्याहून अधिक कचरा ओला असतो, म्हणजे भाजीचे देठ, उष्टे, शिळे अन्न. तो कुजतो, त्यावर माशी अंडी घालते. उन्हाळ्याच्या दिवसांत अंड्यापासून नवी माशी तयार व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. त्याच्या आत कचरा उचलला गेला तर माशीची पुढची पिढी जन्मतच नाही. नेमाने येणारी घंटागाडी ही म्हणूनच जुलाब-हगवणीवरची पहिली लस आहे, असे समजायला हरकत नाही.

काम दिले म्हणून जबाबदारी जात नाही

शहराची साफसफाई हे नगरपरिषदेचे बंधनकारक काम आहे. 1965 च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमाच्या कलम 49 मध्ये नगरपरिषदेची कर्तव्ये दिली आहेत, त्यात रस्ते, गटारे साफ ठेवणे आणि घाण हटवणे हे आहेच. गावात ही जबाबदारी ग्रामपंचायतीची. वेल्हे तालुका सगळा ग्रामीण आहे, त्यामुळे तिथे दार ठोठावायचे ते ग्रामपंचायतीचे. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घरोघरी जाऊन वेगवेगळा केलेला कचरा गोळा करण्याचे काम स्थानिक संस्थेवर टाकले, आणि त्यात झोपडपट्ट्या व वस्त्याही येतात हे स्पष्ट केले.

ही संस्था ते काम स्वतःची माणसे लावून करू शकते किंवा ठेक्याने करवून घेऊ शकते. ठेका म्हणजे काम करण्याचा करार. त्यात कर्तव्य विकले जात नाही.

भोरच्या माणसाला याचे उदाहरण दूर शोधायला नको. पुणे-सातारा रस्त्याच्या सहापदरीकरणाचे काम 2010 मध्ये खासगी कंपनीकडे गेले. ते 2013 मध्ये पुरे व्हायचे होते, पण वर्षानुवर्षे रेंगाळले. खेड शिवापूरच्या नाक्यावर टोल मात्र चालू राहिला. तरीही रस्ता कंपनीचा झाला नाही. तो राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचाच राहिला, आणि लोकांनी जाब विचारला तो प्राधिकरणाला आणि सरकारलाही. कचऱ्याचेही असेच आहे. गाडीवर नाव कोणाचेही असो, तिचे पैसे जातात ते आपल्या करातून आणि सरकारी निधीतून.

जनतेच्या पैशावर चालणारी सोय सगळ्यांची, हे तत्त्व आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको. भोरहून वरंधा घाट उतरला की महाड येते. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या आणि राखलेल्या पाणवठ्यांचा वापर अस्पृश्यांना खुला करावा, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 मध्ये मंजूर केला. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये त्याला धरून आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर हक्क मिळाला, पाण्याला हात लावता येईना. तो कागद खरा करण्यासाठी बाबासाहेबांना 20 मार्च 1927 रोजी हजारो लोकांना घेऊन चवदार तळ्यावर जावे लागले. पुढे खटला चालला आणि 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. कागदावरची सोय आणि दारातली सोय यांतले अंतर आपल्या समाजाने तेव्हापासून ओळखले आहे. घंटागाडीच्या बाबतीत हे अंतर कुठे पडते, ते बघू.

पैसे कशाचे मिळतात, ते बघा

ठेकेदार वाईट म्हणून वस्ती वगळतो, असे दर वेळी नसते. पुष्कळदा करारच असा असतो की वस्ती वगळण्यात त्याचा फायदा होतो. पैसे देण्याच्या तीन रीती सर्रास दिसतात.

पहिली रीत टनावर. काट्यावर जेवढे वजन भरेल तेवढे बिल. मग गाडी आधी बाजारपेठेत, मंगल कार्यालयाकडे, हॉटेलांकडे जाते, कारण तिथे एका जागी भरपूर माल मिळतो. वस्तीतल्या अरुंद बोळात शिरून साठ घरांचा साठ किलो कचरा गोळा करणे त्याला परवडत नाही. ओला-सुका वेगळा करण्यातही त्याला रस नसतो. माती, राडारोडा आणि पाणी मिसळले की वजन वाढतेच.

दुसरी रीत गाडीवर किंवा खेपेवर. गाडी फिरली की पैसे. मग ती मोठ्या रस्त्याने घंटा वाजवत जाते आणि परत येते. वस्तीतली बाई बोळातून बादली घेऊन पळत येईपर्यंत गाडी पुढच्या चौकात गेलेली असते.

तिसरी रीत घरटी. जितक्या घरांतून कचरा घेतला तितक्या घरांचे पैसे. काही शहरांत दारावर एक चौकोनी ठिपक्यांचा क्यूआर कोड लावतात आणि कामगार तो मोबाइलने टिपतो. तिन्हींत वस्तीसाठी ही रीत बरी. पण तिच्यात एक खाच आहे. घरांची यादी बनते ती मालमत्ता कराच्या नोंदीवरून. ज्या घराची नगरपरिषदेत नोंद नाही किंवा ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये नाव नाही, ते घर ठेक्याच्या हिशेबात येतच नाही. गायरानात, ओढ्याच्या कडेला, धरणग्रस्त म्हणून इकडून तिकडे हललेल्या कुटुंबांत अशी घरे पुष्कळ असतात. आपल्या वस्तीतली किती घरे यादीत आहेत, हे मोजणे म्हणूनच पहिले काम.

करारात आणखी एक गोष्ट बहुधा असते. काम झाले नाही तर दंड, अशी अट. दर महिन्याला ठेकेदाराचे बिल स्वच्छता निरीक्षकाच्या सहीने पुढे जाते. वस्तीतून लेखी तक्रार आली नसेल तर काम झाले असेच धरले जाते आणि पूर्ण बिल निघते. लेखी तक्रार आणि तिची पोच असेल तर ते बिल अडवायला आधार मिळतो. गल्लीत उभे राहून दिलेल्या शिव्या बिलाच्या फाइलला लागत नाहीत. पोच घेतलेला अर्ज लागतो.

न उचललेला कचरा घरात कसा येतो

डेंग्यू. त्याचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. फेकलेले टायर, करवंट्या, प्लास्टिकचे डबे यांत पावसाचे पाणी साठते. अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर पुरतो, म्हणून आठवड्यातून एकदा पिंप, हंडे, टाकी रिकामी करून घासून कोरडी करावी. भंगार उघड्यावर साठवत असाल तर त्यावर ताडपत्री टाका.

लेप्टोस्पायरोसिस. कचऱ्यावर उंदीर-घुशी येतात. त्यांच्या लघवीतले जंतू पावसाच्या पाण्यातून पायाच्या जखमेतून, भेगांतून शरीरात शिरतात. भोर-वेल्ह्याच्या पश्चिम भागात भाताची खाचरे आणि धो धो पाऊस असतो, त्यामुळे अनवाणी पायांना हा धोका अधिक. अचानक जोराचा ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे ही लक्षणे दिसली तर अंगदुखीची गोळी घेऊन थांबू नका. सरकारी दवाखान्यात जा, आणि कचऱ्यात किंवा चिखलात काम केल्याचे डॉक्टरांना आपणहून सांगा. वेळीच औषध मिळाले तर हा आजार बरा होतो, उशीर झाला तर मूत्रपिंडे आणि यकृत निकामी होऊ शकतात.

धूर. गाडी येत नाही म्हणून कचरा पेटवला जातो. प्लास्टिक, त्यातही पीव्हीसी जळताना विषारी वायू आणि डायॉक्सिनसारखी घातक द्रव्ये निघतात. दम्याचे लेकरू आणि चुलीच्या धुराने आधीच छाती खराब झालेली आजी यांना त्याचा पहिला फटका बसतो. 2016 च्या नियमांनी उघड्यावर कचरा जाळायला मनाई केली. त्याच वर्षी राष्ट्रीय हरित लवादाने असा कचरा जाळणाऱ्याला 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला 25,000 रुपये भरायला लावण्याचा आदेश दिला. हा नियम आपल्याला लागू आहे, तसाच डेपोत कचरा पेटवून ढीग कमी करणाऱ्यालाही लागू आहे.

आणि डेपो कुठे असावा? 2016 च्या नियमांनी कचरा पुरण्याची जागा वस्तीपासून, पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून आणि तळ्यापासून 200 मीटर, तर नदीपासून 100 मीटर दूर हवी असे ठरवले होते. गावात "जागा रिकामी आहे" म्हणून बोट दाखवले जाते ते पुष्कळदा बौद्धवाड्याच्या मागच्या बाजूला. असा ठराव ग्रामसभेपुढे आला तर टेप घेऊन अंतर मोजा आणि आक्षेप इतिवृत्तात लिहून घ्या. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीत टाकला गेला, आणि तिथल्या लोकांना विहिरींच्या पाण्यासाठी, श्वासासाठी पुनःपुन्हा रस्त्यावर यावे लागले. ढीग एकदा उभा राहिला की तो हलवायला पिढी जाते.

वेल्ह्याकडचा प्रश्न वेगळा

वेल्हे तालुक्यात मोठे शहर नाही. तरीही तिथे कचरा आहे, कारण तोरणा आणि राजगड किल्ले आहेत, पानशेतचे पाणी आहे, आणि शनिवार-रविवारी येणारी गर्दी आहे. इथे खासगी क्षेत्र येते ते हॉटेल, शेतघर, तंबूंची राहण्याची ठिकाणे या रूपात. रोज 100 किलोपेक्षा अधिक कचरा करणाऱ्या संस्थेला 2016 च्या नियमांनी मोठा कचरा उत्पादक ठरवले. तिने ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवायचा आणि सुका कचरा अधिकृत ठिकाणी द्यायचा. ग्रामपंचायतीच्या ट्रॅक्टरवर सगळा भार टाकून मोकळे व्हायचे नाही. ना हरकत दाखला देताना ग्रामपंचायतीने कचऱ्याची आणि मैल्याची सोय विचारावी, असा आग्रह ग्रामसभेत धरता येतो.

गावाच्या स्वतःच्या कचऱ्यासाठी पैसा आहे. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात 5,000 पर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी 60 रुपये आणि सांडपाण्यासाठी माणशी 280 रुपयांपर्यंत तरतूद ठेवली गेली. हजार लोकांच्या गावाला हे अनुक्रमे 60 हजार आणि 2 लाख 80 हजार रुपये होतात. नाडेप खत टाकी, शोषखड्डे, कचरा वेगळा करण्याची शेड यांसाठी हा पैसा. शिवाय ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात, आणि गटारे, रस्ते, पाण्यासाठी अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांच्या विकासाची योजना वेगळी आहे. ही कामेही ठेकेदारच करतात. म्हणून अंदाजपत्रकात किती मीटर गटार आहे आणि जमिनीवर किती झाले, हे मोजण्याचा हक्क वस्तीचा आहे.

दुसरी गोष्ट शौचालयाच्या टाकीची. मैला उपसणारे टँकर बहुतेक ठिकाणी खासगी आहेत. टँकर भरल्यावर तो रिकामा कुठे होतो, हे कोणी विचारत नाही. तो रात्री ओढ्यात सोडला तर टायफॉइड, कावीळ, कॉलरा यांचे जंतू खालच्या विहिरीत जातात. वेल्ह्याचे काही पाणी पानशेत-खडकवासल्यामार्गे पुणे पिते, आणि भोरचे नीरेचे पाणी बारामती, इंदापूर, फलटणपर्यंत जाते. वरच्या वाडीतली घाण ही एका वाडीची गोष्ट राहत नाही. ओढ्यात टँकर सोडताना दिसला तर गाडीचा क्रमांक, तारीख, वेळ लिहून ग्रामपंचायत आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अर्ज द्या. विहिरीत टीसीएल पावडर नेमाने पडते का, पाण्याची ओटी चाचणी होते का, हेही विचारा. पावसाळ्यात प्यायचे पाणी उकळून घ्या.

कचरा उचलणारा माणूस आपलाच आहे

गावगाड्यात महारवतन होते. कामाला तास नव्हते, पगार नव्हता, नाही म्हणण्याची सोय नव्हती. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात महारवतनाचे विधेयक मांडले ते ही बेडी तोडण्यासाठी. वतने कायद्याने गेली 1958 च्या कायद्यानंतर. त्याआधीच, 1956 च्या धम्मदीक्षेनंतर, आपल्या माणसांनी मेलेली गुरे ओढण्याचे काम सोडले होते.

शहरात सफाईचे काम निदान पक्की नोकरी झाले. पगार, रजा, निवृत्तिवेतन आणि लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे वारसाला नोकरी मिळू लागली. ठेका आला तेव्हा काम तेच राहिले, पण ही छत्री गेली. वारसाहक्काची नोकरी कायम सफाई कामगाराच्या वारसाला मिळते. ठेकेदाराच्या हजेरीवरच्या माणसाला काय मिळते? तासांचा ठिकाणा नसेल, पगाराची चिठ्ठी नसेल, उद्या ये म्हणतील याची खात्री नसेल, तर हे जुन्या वतनाचेच नवे रूप म्हणावे लागेल.

पण ठेक्यातल्या कामगारालाही काही हक्क आहेत.

ठेकेदाराने पगार दिला नाही तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे काम देणाऱ्या संस्थेवर येते. हे तत्त्व 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून आहे. किमान वेतनातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत, बदलतो. भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल तर तो खात्यात भरला जातो का, हे आपल्या यूएएन क्रमांकावरून मोबाइलवर पाहता येते. ईएसआय लागू असेल तर कामगाराचे 0.75 टक्के आणि मालकाचे 3.25 टक्के भरले जातात, आणि त्यावर सगळ्या कुटुंबाला उपचार मिळतात. हातमोजे, बूट, मास्क, रेनकोट, चमकणारे जाकीट हे ठेकेदाराने कामगारांना देते का, हे बघणे 2016 च्या नियमांनी स्थानिक संस्थेवर टाकले. हे देणे ठेकेदाराचे उपकार नाहीत.

मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने महापालिकेच्या ठेक्यातल्या सफाई कामगारांची लढाई वर्षानुवर्षे लढवली. ठेका हा देखावा आहे, खरा मालक महापालिकाच, असे औद्योगिक न्यायाधिकरणाने मानले, आणि एप्रिल 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 2,700 कामगारांना कायम करण्याचा मार्ग मोकळा केला. त्यानंतरही कागदपत्रांतली नावे जुळत नाहीत म्हणून अनेकांचे काम अडले. यातून एक साधा धडा घ्यावा. आधार, बँक पासबुक, हजेरीपत्रक, पीएफ या सगळ्यांत नाव एकाच पद्धतीने लिहिलेले असावे. "बाळू" आणि "बाळासाहेब" यांतला फरक एका आयुष्याच्या नोकरीएवढा महाग पडू शकतो.

पुण्याने दुसरी वाटही दाखवली आहे. 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. तिच्यातून 2008 मध्ये 'स्वच्छ' ही त्यांची स्वतःची सहकारी संस्था निघाली आणि घरोघरचा कचरा उचलण्याचा करार तिने पुणे महापालिकेशी केला. यात बहुसंख्य दलित बाया आहेत. काल उकिरड्यात हात घालणारी बाई इथे करारातली भागीदार झाली. म्हणजे काम सरकारबाहेर गेले की ते मोठ्या ठेकेदाराकडेच जावे असे नाही. भोरसारख्या गावात बचत गटांनाही असे काम मागता येते. मात्र मानधन नव्हे, किमान वेतन, आणि कामाआधी लेखी करार, हे दोन हट्ट सोडू नका.

कचऱ्यात काम करणाऱ्यांसाठी

हिपॅटायटिस बी ची लस घ्या. तीन डोस असतात, पहिल्यानंतर एक महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा. धनुर्वाताची लस घेतल्याची तारीख लिहून ठेवा.

सुई टोचली तर रक्त पिळून काढू नका, जखम तोंडात धरू नका. वाहत्या पाण्यात साबणाने धुवा आणि लगेच भोरच्या किंवा वेल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात जा. एचआयव्ही टाळण्याची औषधे शक्यतो पहिल्या दोन तासांत आणि जास्तीत जास्त 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. दवाखान्याचा कचरा घरगुती कचऱ्यात टाकायला बंदी आहे. तो वेगळ्या पिशव्यांतून मान्यताप्राप्त केंद्राकडे जायचा असतो. सुया सापडल्या तर जागा आणि तारीख लिहून तक्रार करा.

टाकीत किंवा गटाराच्या चेंबरमध्ये उतरू नका. 2013 च्या कायद्याने संरक्षणाशिवाय माणूस उतरवणे गुन्हा ठरवला आहे. आतला हायड्रोजन सल्फाइड वायू सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास देतो, पण प्रमाण वाढले की नाकाला वास येणेच बंद होते आणि काही श्वासांत माणूस कोसळतो. वाचवायला उतरलेला दुसरा आणि तिसराही असाच जातो. खाली कोणी पडले तर उतरू नका, ओरडून मदत बोलवा, अग्निशमन दलाला आणि 108 ला फोन करा. अशा मृत्यूसाठी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 10 लाख रुपये भरपाई ठरवली होती, 20 ऑक्टोबर 2023 रोजी ती 30 लाख केली. काम ठेकेदाराने दिले होते, या सबबीवर ती बुडत नाही. पण तीस लाखांत माणूस परत येत नाही, म्हणून पहिला शब्द "उतरणार नाही" हाच असावा.

केंद्र सरकारच्या 'नमस्ते' योजनेत शहरांतल्या गटार व टाकी सफाई कामगारांची आणि 2024 पासून कचरावेचकांचीही नोंद होते. नोंदलेल्यांना सुरक्षा साहित्य आणि आयुष्मान कार्ड देण्याची तरतूद आहे. आपले नाव नोंदले गेले का, हे नगरपरिषदेत विचारा.

वस्तीने काय करावे

एक. घरात कचरा वेगळा ठेवा: ओला, सुका, आणि बल्ब-औषधे-रंगाचे डबे असा घातक. सॅनिटरी पॅड आणि लंगोट कागदात घट्ट गुंडाळून वेगळे द्या. मिसळलेल्या पिशवीत हात घालणारी बाई कोणाची तरी आई असते.

दोन. विहारात एक वही ठेवा. गाडी कोणत्या तारखेला आली, किती वाजता, बोळात शिरली की कोपऱ्यावर थांबली, एवढेच लिहा. महिन्याची वही हा कोणत्याही भाषणापेक्षा बळकट पुरावा असतो.

तीन. माहिती अधिकारात दहा रुपयांचे तिकीट लावून तीन कागद मागा: ठेक्याचा करारनामा, घरांची यादी, आणि मागच्या तीन महिन्यांची बिले व दंडाचा तपशील. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. उत्तर 30 दिवसांत मिळायला हवे.

चार. अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या किंवा ग्रामपंचायतीच्या नावे करा, ठेकेदाराच्या नावे नको. खाली साठ घरांच्या सह्या घ्या आणि पोच सांभाळून ठेवा.

पाच. घंटागाडीवरच्या कामगाराशी भांडू नका. गाडी कुठे जायची हे तो ठरवत नाही. त्याला पाणी विचारा, त्याचा पगार झाला का विचारा.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी राजगृहातल्या सुणीत या झाडूवाल्याची कथा घेतली आहे. तथागतांनी त्याला संघात बरोबरीची जागा दिली. आपण त्या धम्माची माणसे आहोत. येत्या वर्षावासात ग्रंथवाचन झाल्यावर दहा मिनिटे या वहीसाठी काढा. पहिल्या महिन्याची वही भरली की अर्ज तयार होतो, आणि तो घेऊन चौघांनी मिळून नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत जावे.